खाजत नाही, खाऊन बघा!

मागच्या अंकात टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की लोणच्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. कैरीवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, मी कर्जतला राहते, घरगुती डबे देते. यंदा एका स्पर्धेच्या निवडफेरीला जायचं ठरवलंय. पदार्थ घरून करून न्यायचा आहे. वालाचं बिरडं माझ्या हातचं सगळ्यांना आवडतं, पण नणंद म्हणते, असलं साधं नेऊ नकोस, नाचणीचं तिरामिसू (ते इटालियन गोड) ने. बिरडं नेलं तर हसतील का हो?

उत्तर : हसणार नाहीत. पण गारढोण बिरडं नेलंत तर खाणारही नाहीत. हे मी अनुभवाने सांगते.

‘मास्टरशेफ इंडिया’ 2010 साली सुरू झालं आणि पहिल्याच पर्वात लखनौच्या पंकज भदौरिया जिंकल्या. त्या शाळेत शिकवायच्या. मी तेव्हा पेणला शाळेत गृहविज्ञान शिकवत होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये रोज एकच : “बाई, आता तुमचा नंबर.” पुढे दोनेक वर्षांनी अशाच एका स्पर्धेची निवडफेरी मुंबईत होती. (कुठली ते विचारू नका.) जून नुकता लागलेला, बाजारात शेवळं आलेली, म्हणजे पावसाच्या तोंडावरची ती खाजरी रानभाजी. पहाटे चारला उठून कोळंबी घालून शेवळं केली, स्टीलच्या डब्यात भरली, डबा टॉवेलात गुंडाळला आणि एसटी धरली.

माझा नंबर लागला दुपारी अडीचला. डबा उघडला तर वर तेलाचा थर साचलेला, कोळंबी आक्रसून रबर झालेली. शेवळाला मुळात रंग असा नसतोच, मातकट करडं काहीतरी दिसतं. परीक्षक पंचविशीतला पोरगा. “हे काय आहे?” मी म्हटलं, “शेवळं. खाजत नाही.” त्याचा चमचा हवेतच थांबला. “म्हणजे?” “म्हणजे खाजरी असतात, पण ही नाही खाजणार.” तो दुसरीकडे बघायला लागला, तेव्हा मी तिसऱ्यांदा सांगितलं, “खरंच नाही खाजत, खाऊन बघा!” आता तुम्हीच सांगा, कोण खाईल? त्याने चमच्याचं टोक जिभेला लावलं, अर्धी बाटली पाणी प्यायला आणि “थँक यू, मॅम” म्हणाला. परतीच्या एसटीत डबा मीच संपवला. भाजी झकास झाली होती.

तेव्हा बिरडंच न्या. 2021च्या ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’च्या अंतिम फेरीत मेलबर्नच्या किश्वर चौधरी यांनी काय केलं होतं माहीत आहे? पांता भात. त्या बांगलादेशी घरातल्या. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत बटाट्याचं भरीत आणि सार्डिन, म्हणजे आपली तारलीच. धुराचा वास तेवढा वरून दिला. आपल्याकडे शिळा भात कांदा-मिरचीबरोबर शेतावर जातो, त्याचीच ही बंगाली बहीण. स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या, पण त्या पर्वातला तो भात अजून लोकांच्या लक्षात आहे. भाताचं तिरामिसू केलं असतं तर राहिला असता का, हे नणंदेला विचारा.

आता कामाचं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे, यात दोन दिवस जातात. ते घरीच होऊ दे. डाळिंब्या बोटचेप्या होतील इतपतच शिजवा, कारण थर्मासमध्ये त्या आणखी शिजतात. थर्मास रुंद तोंडाचा घ्या आणि आधी त्यात उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा. नारळाचं दूध वेगळं, बर्फाच्या पिशवीत, नाहीतर पोचेपर्यंत आंबेल. वाढायच्या आधी कोमट करून घाला. गरम करायची सोय तिथे असेल का, हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि बोलायचं एकच वाक्य पाठ करून जा. ‘माझ्या आजीची रेसिपी’ नको, प्रत्येकाची आजी तिथे रांगेत उभीच असते. सांगा की हे आमच्याकडचे कडवे वाल, भात कापल्यावर त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात. परीक्षकाला जिभेवर तो कडसरपणा लागेल तेव्हा तुमचं वाक्य त्याच्या कानात असेल.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. टीव्हीवर बघून बघून आता त्याला स्मोक गन, म्हणजे पदार्थाला धूर देणारी ती बंदूक, हवी आहे. किंमत ऐकून हे पेपरात तोंड खुपसून बसले. काय करू? — डोंबिवलीहून एक आई

उत्तर : नारळ फोडा. करवंटीच्या शेंड्या खरवडून काढायच्या, तिचा दोन बोटं रुंद तुकडा चिमट्यात धरून गॅसवर पेटवायचा. (हे तुम्ही करा, तो बघेल. खिडकी उघडी ठेवा.) ज्वाळ विझून लाल निखारा झाला की स्टीलच्या जुन्या वाटीत ठेवा, वर अर्धा चमचा तूप आणि चिमूटभर हिंग. भसकन धूर येतो. त्यावर तांब्या पालथा घाला, दोन मिनिटांनी फडक्याने धरून सरळ करा, लगेच गार ताक ओता आणि झाकण लावा. पाच मिनिटांनी मीठ घालून पोराला प्यायला द्या. हाच आपला धुंगार. वांग्याच्या भरतात तर निखाऱ्याची वाटीच ठेवून झाकायचं. धूर जास्त वेळ कोंडला की कडू होतं, ते त्याचं त्यालाच कळू दे, एकदा ताक वाया गेलं तर जाऊ दे.

जानेवारीत त्याला घेऊन आमच्या रायगडात या, पोपटी दाखवते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वांगी, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं आणि भोवती जाळ. त्यापुढे ती बंदूक म्हणजे खेळणं.

प्रश्न : सून पिठलंसुद्धा पांढऱ्या मोठ्या प्लेटच्या एका कडेला चमच्याने ओढून ठेवते आणि त्याला ‘प्लेटिंग’ म्हणते. मी काय बोलू? — साताऱ्याहून एक सासूबाई

उत्तर : काही बोलू नका, पिठलं गरम आहे तोवर खा. मग एका रविवारी तिला ताट वाढायला शिकवा : वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. उजव्या हाताने जे जास्त खायचं ते उजवीकडे, जिभेला चाळवायला लागतं तेवढं डावीकडे. प्लेटिंगच आहे की हे! मात्र सून रोज पिठलं करून वाढते, हे तुमच्या पत्रात अगदी ओझरतं आलंय, तिकडेही जरा बघा.

प्रश्न : टीव्हीवर एका स्पर्धकाने रानभाज्या वापरल्या, ते बघून स्टेशनबाहेरच्या बाईंकडून शेवळं आणली. चिरून पंधरा मिनिटं परतली, लिंबू पिळलं, वर सजावटीला दोन कच्च्या चकत्या ठेवल्या. घरात सगळ्यांचे घसे खाजले. चूक कुठे झाली? — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : कच्च्या चकत्या! अहो, शेवळं म्हणजे सुरणाच्या भाऊबंदांचा फुलोरा. सुरण, अळू, शेवळं या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात.

हाताला तेल लावून बाहेरची पानं सोला. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळसर, दाण्यादाण्यांचा भाग दिसेल, तो टाकून द्या. बाकीचं अगदी बारीक चिरा आणि सढळ तेलात, भाजी निम्म्याने बसेपर्यंत परता. मग आंबट. तेही शेवटी वरून नव्हे, शिजतानाच. त्याच बाईंकडे काकडं म्हणून आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं असतात, शेवळं घेताना ती मागूनच घ्यायची. दोन जुड्यांना मी आठ-दहा घेते. ठेचून, बिया काढून, पाण्यात कुस्करून रस गाळायचा आणि त्यात शेवळं मंद आचेवर चांगली अर्धा तास शिजवायची. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ नाहीतर आमसुलं. कोळंबी शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर माझ्यासारखं रबर होईल. वाल घातले तरी सुरेख लागतं.

पाहुण्यांना वाढण्याआधी स्वतः एक घास खाऊन दहा मिनिटं थांबा. आणि वाढताना ‘खाजत नाही’ हे चुकूनही म्हणू नका.

शेवळं जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, तेव्हा या शनिवारीच पुन्हा जा. काकडं थोडी जास्तच आणा, उरलेल्यांचं लोणचं घालता येतं. त्याचं प्रमाण पुढच्या अंकात, कैरीवाल्यांच्या नंतर.