मुद्दाम वाईट कथा लिहायची आहे, पण ती नुसतीच वाईट होते, हसू येत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोष जास्त होतात. वाक्यात खोट एकच ठेवा, आणि निवेदकाला तिचा पत्ताही लागू देऊ नका. बाकी शुद्धलेखन, लिंग, काळ, विरामचिन्हं सगळं चोख हवं. ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवलंत तर वाचक निवेदकाला हसत नाही, तुम्हालाच कच्चं समजतो.

या प्रकाराचा मूळ नमुना म्हणजे इंग्रज लेखक एडवर्ड बुल्वर-लिटनच्या ‘पॉल क्लिफर्ड’ (१८३०) या कादंबरीचं पहिलं वाक्य. अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक स्कॉट राइस यांनी १९८२ साली बुल्वर-लिटनच्याच नावाने एक स्पर्धा सुरू केली: सर्वांत वाईट कादंबरीचं पहिलं वाक्य लिहा. ती चाळीसहून अधिक वर्षं चालली. लोकांना ‘पॉल क्लिफर्ड’च्या त्या वाक्यातली काळोखी, वादळी रात्र तेवढी आठवते. खरी गंमत पुढे आहे. पाऊस धो धो कोसळतोय म्हणेपर्यंत लेखक सांगतो की मधूनमधून वाऱ्याने तो अडतही होता, आणि मग कंसात खुलासा करतो की प्रसंग लंडनमधला आहे. भरात आलेला माणूस अचूकपणाच्या नादाला लागतो आणि भर ओसरतो. आपण उचलायचं ते हे.

मराठीत करून बघू:

‘सदाशिवचे पत्र वाचून सुमनचे डोळे श्रावणातल्या आभाळासारखे भरून आले, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, कारण तिथे नुसतीच भुरभुर असते, तर महाबळेश्वरातल्या, जिथे भिंतींना बाहेरून गवत बांधावे लागते.’

पहिला तुकडा गुळगुळीत झालेली उपमा आहे, आणि ती तशीच हवी. वाचक ओळखीच्या वाटेवर निर्धास्त चालू लागला पाहिजे. ‘म्हणजे’ला वाट वळते. शेवटी सुमन बाजूला राहते आणि आपण घराची डागडुजी ऐकत बसतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, वाचक तोवर थांबतो, म्हणून सगळ्यात विसंगत तपशील क्रियापदाला चिकटूनच ठेवा. ‘गवत’ आधी आणून ‘महाबळेश्वर’ शेवटी टाकून बघा, वाक्य मरतं.

यात आता सदाशिवच्या नावावर कोटी, वर एक उद्गारचिन्ह घालायचा मोह होईल. घालू नका. उद्गारचिन्ह म्हणजे लेखकाने मारलेला डोळा. निवेदक भोळा राहत नाही. तपशीलही खरा हवा. पावसाळ्यात भिंती गवताने झाकतात हे खरं आहे म्हणूनच ते तिथे बेंगरूळ दिसतं.

लांबी सांभाळा. त्या स्पर्धेत इंग्रजीत पन्नास-साठ शब्दांची मर्यादा सुचवलेली असे. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच जोडले जातात, त्यामुळे पस्तीसच्या पुढे गेलात की वाचक सुरुवात विसरतो. वरचं वाक्य पंचवीस शब्दांचं आहे.

अख्खी कादंबरी लिहायची तर मात्र ही युक्ती दहा पानंही पुरत नाही. तिथे खोट रचनेत घालावी लागते. काही अमेरिकन लेखकांनी मिळून मुद्दाम वाईट लिहिलेल्या ‘अटलांटा नाइट्स’ या कादंबरीत एक प्रकरण गायब आहे, एक प्रकरण जसंच्या तसं दोनदा येतं आणि एक संगणकाकडून जुळवून घेतलेलं आहे. एका प्रकाशकाने ते हस्तलिखित स्वीकारलंही होतं.