मुंबईत लॉनच्या देखभालीचा व्यवसाय सुरू करायला किती भांडवल लागेल आणि पहिली कामे कशी मिळवावीत?

आपण भांडवल आणि ग्राहक या दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्रश्नाच्या तपशिलात आपला बेतही लिहिला आहे : पहिल्या वर्षी नवी लॉन लावून देण्याची मोठी कामे घ्यायची आणि त्या पैशावर पुढे देखभालीची कंत्राटे मिळवायची. भांडवलाकडे मी नंतर वळतो. हा बेत मात्र मी 2014 साली जसाच्या तसा माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, तोंडून ऐकला होता आणि त्या बेतापायीच आमची भागीदारी दीड वर्षात मोडली, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

काम कांदिवली पूर्वेच्या एका गृहनिर्माण संस्थेचे होते. खाली दोन मजले पार्किंग, वर 4,200 चौरस फुटांचे पोडियम, म्हणजे पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा, आणि त्याच्या दक्षिणेला व पश्चिमेला संस्थेच्याच 22 मजली इमारती. आम्ही जागा पाहायला गेलो ती मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, तेव्हा पोडियम उन्हाने नुसते भाजत होते आणि समितीचे सदस्य ते ऊन आम्हांला कौतुकाने दाखवत होते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या इमारतीची सावली दुपारी पोडियमवर पडतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारी बारा वाजताही इमारतीची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी लांब पडते. मी दादाला तिथेच म्हणालो, की दिवाळीनंतर इथे ऊन येणार नाही आणि हे गवत टिकणार नाही. त्याचे उत्तर मला शब्दशः आठवते : “दिवाळीपर्यंत आपला चेक वटलेला असेल.”

लागवड मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. सहा इंचांचा थर धरला तर तेवढ्या जागेला 21 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लाल माती लागते आणि पावसात ती भिजली की तिचे वजन 90 टनांच्या वर जाते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र मी आग्रहाने मागून घेतले होते. तेवढे एक दादाने ऐकले. स्लॅबवर बाग होतच नाही असे माझे म्हणणे नव्हते, आजही नाही. मलबार हिलचे हँगिंग गार्डन पाण्याच्या टाक्यांवरच वसलेले आहे आणि ते एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. स्लॅबवर प्रश्न असतो तो पाणी बाहेर कुठून जाईल याचा. वॉटरप्रूफिंगवर ड्रेन सेल (पाणी खालून वाहू देणारे प्लास्टिकचे पोकळ साचे), त्यावर पाणी सोडून माती अडवणारे जिओटेक्स्टाइलचे कापड आणि मग माती, असा क्रम आमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. प्रत्यक्षात कापड फक्त कडेच्या पट्ट्यांत घातले गेले, कारण मधले कापड “कोण उकरून पाहणार आहे” असे दादाचे मत पडले. त्या दोन दिवसांत मी दुसऱ्या कामावर मुलुंडला होतो. हे मला नंतर, माती उकरल्यावर कळले.

उपनगरांत वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाल मातीचा बारीक गाळ पहिल्याच दोन आठवड्यांत ड्रेन सेलमधून वाहत जाऊन निचऱ्याच्या जाळ्यांवर बसला, जुलैच्या मध्यास पोडियमच्या मधोमध घोट्याएवढे पाणी साचले आणि 20-22 तारखेपर्यंत जवळपास अर्धे गवत पिवळे पडले. मुळांना हवा मिळाली नाही की कोणतेही गवत सडते, मग ते मेक्सिकन असो की आणखी महागाचे. संस्थेने अखेरच्या हप्त्याची 30 टक्के रक्कम रोखली, ती आजतागायत मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती. दादा मात्र तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात, अगदी गेल्या महिन्यातही, चारचौघांत सांगतो की गवत मी फार खाली कापल्यामुळे मेले.

म्हणून आपल्याला माझे सांगणे स्पष्ट आहे : पहिली दोन वर्षे लागवड करूच नका. लागवडीत पैसा एकदा येतो आणि दोष कायमचा चिकटतो. देखभालीत रक्कम लहान असली, तरी ती दरमहा येते आणि दुसऱ्याने केलेली चूक पाहून शिकताही येते. तुटलेली भागीदारी बाजूला ठेवली तरी मला हेच दिसते, की ज्यांनी लागवडीच्या जोरावर सुरुवात केली ते आज नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात आहेत आणि माझी पहिली चार संस्थांची कंत्राटे अजून चालू आहेत. परदेशी व्हिडिओंतल्या घरटी अंगणांचा हिशेब इथे लावू नका. मुंबईत लॉन म्हणजे संस्थेचे पोडियम, आणि गिऱ्हाईक म्हणजे सचिव व मॅनेजर.

जागा पाहताना सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार अशा तीन वेळी जा आणि सावलीच्या रेषा नकाशावर आखा. थेट ऊन पाच तासांहून कमी असेल तर हरळीच्या जातीची गवते तिथे जगणार नाहीत. बफेलो या नावाने विकले जाणारे रुंद पानांचे गवत अर्धवट सावली सोसते आणि त्याहून अंधाऱ्या जागी मोंडो ग्रास किंवा सिंगोनियम सुचवावे. समिती नाक मुरडेल, मुरडू द्यावे. उन्हाळ्यात 4,200 चौरस फुटांना रोज सुमारे 2,000 लिटर पाणी लागते, म्हणजे 10,000 लिटरचा टँकर पाच दिवसांत संपतो; त्यामुळे सांडपाणी प्रक्रियेचे पाणी मिळणार आहे की नाही हे दर ठरवण्याआधी विचारावे. लव्हाळा लाल मातीबरोबर आणि शेणखताबरोबर येतो व वरवर खुरपून जात नाही, कारण त्याच्या गाठी खाली राहतात. संतांनी लव्हाळ्याची थोरवी गायली आहे. त्यांना लॉनचे कंत्राट सांभाळायचे नव्हते.

आता भांडवल. एक जुना पेट्रोल मोवर, एक ब्रश कटर, दोन खुरपी, पाइप आणि फवारणीचा पंप एवढ्यावर मी सुरुवात केली आणि तेव्हा 60,000 रुपयांच्या आत भागले. आज अर्थातच अधिक लागतील. खरे भांडवल मात्र माळ्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराचे, कारण संस्थेच्या चेकवर एकाहून अधिक पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जण नेहमी गावी गेलेला असतो. पगार थकला की चांगला माळी शेजारच्या संस्थेत जातो. पहिली कामे मिळवायला ऑक्टोबर उत्तम : पावसाने सडलेली, तणाने भरलेली लॉन तेव्हा समितीच्या डोळ्यांत सलत असते आणि दिवाळी तोंडावर असते. आपल्या घरापासून चालत जाता येईल एवढ्याच परिसरात फिरा. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर लागते, तोवर त्याची धास्ती नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक एका वेळी कापू नये, हा नियम मी एकदा मोडला आहे आणि तो याच पोडियमवर. 14 ऑगस्टला सचिवांनी ध्वजवंदनासाठी “अगदी गालिच्यासारखे” करून मागितले आणि मी ओल्या गवतावर मोवर अगदी खालच्या पट्टीवर चालवला. जे हिरवे शिल्लक होते त्यातलेही बरेच त्यामुळे गेले, आणि तेवढा दोष माझाच आहे. पण पिवळेपण त्याच्या तीन आठवडे आधीचे आहे. छायाचित्रे तारखांसह माझ्याकडे आहेत आणि दादाने मागितली तर आजही पाठवीन.