मार्चअखेरीसच पारा ४२ वर! अकोल्यात नव्याने राहायला आलेल्यांनी रोजचं कसं निभवायचं?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पुण्याहून नुकतेच इथे आलात, गच्चीखालचं भाड्याचं घर आहे, एसी नाही, सोबत सत्तरीच्या आई आणि शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि शेजारी म्हणतात, "हे तर काहीच नाही, मे येऊ द्या." मी जन्मापासून अकोल्यातच आहे, तरी मला हे बोलणं पटत नाही. माझ्या मते मार्चमधले ४२ अंश मेमधल्या ४२ पेक्षा जास्त जपायला लावणारे असतात.

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. मेपर्यंत अंग तयार झालेलं असतं, कूलर लागलेला असतो, लोकांनी कामाच्या वेळाही बदललेल्या असतात. मार्चमध्ये यातलं काहीच झालेलं नसतं. २०२२ चा मार्च तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला होता. त्यामुळे कॅलेंडरकडे बघत थांबू नका.

पहिल्यांदा घड्याळ बदला. भाजी, बँक, गाडीची कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचंच असेल तर पाणी पिऊन, डोकं-कान सुती दुपट्ट्याने बांधून निघा, त्यावर हेल्मेट. आल्या आल्या थेट कूलरसमोर बसण्याआधी घाम टिपा, घोट घोट पाणी घ्या.

आता कूलर. पुण्या-मुंबईकडून आलेली माणसं खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून आत कूलर सुरू करतात, आणि तासाभरात खोली दमट होते. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. आपल्याकडे खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट, त्यामुळे बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर क्षारांचा थर बसतो आणि गवत नीट भिजत नाही. मागच्या भाडेकरूचा कूलर असेल तर गवत बदलूनच घ्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डास होतात. आणि हे मुलीलाही सांगून ठेवा: पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायचा, ओल्या हाताने कूलरला हात लावायचा नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. शॉक लागून माणसं जातात.

रात्री घर तापतं ते स्लॅबमुळे. दिवसभर साठलेली उष्णता तो रात्री आत सोडतो. काही जण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, पण इथे नळ रोज येत नाही, पिण्याचं पाणी असं घालवू नये असं मला मनापासून वाटतं. घरमालकांना विचारून गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. खर्च थोडा, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

आईंकडे खास लक्ष द्या. म्हातारपणी तहान लागल्याचं लवकर कळत नाही, म्हणून "तहान लागली का?" असं विचारू नका, दर तासाला भांडं हातात द्या. ताक, जिरं-मीठ घालून. कैरीचं पन्हंही चांगलं, मात्र मधुमेह असेल तर गूळ-साखर बेतानं. बीपीच्या किंवा लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा हृदयाचा-किडनीचा त्रास असेल, तर पाणी किती आणि गोळी किती हे डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बदलू नका. जुलाब झाले किंवा फार घाम गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं म्हणतात, त्यावर मात्र भरवसा ठेवू नका.

मुलीला पाण्याच्या दोन बाटल्या द्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, एवढं तिला शिकवा. शाळा अजून सकाळची झाली नसेल तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा.

चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ वाटली की सावलीत झोपवून गार पाणी पाजा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. कपडे सैल करा, सगळं अंग भिजवा, पंखा लावा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.