कृमीच्या पेशीकेंद्रकात लॅमिन हे प्रथिन नेमकं कुठे असतं?

मुख्यतः केंद्रकाच्या कडेला, आतल्या पटलाला आतून लागून. आमच्या सांगलीकडच्या जुन्या घरात आतून सारवलेली कणगी पाहिली असेल, तर तो सारवणाचा थर आठवा. फक्त इथे तो तंतूंच्या जाळीचा असतो. थोडं लॅमिन केंद्रकाच्या आतल्या भागातही असतं, हे मुलं हमखास विसरतात. बीएस्सीसाठी आकृती काढत असाल तर कड गडद आणि आतला भाग फिकट दाखवा.

सी. एलेगन्स या कृमीत लॅमिनचं जनुक एकच, एलएमएन-१, माणसात 3. म्हणूनच हा मिलिमीटरभर जीव मला अभ्यासाला फार मोलाचा वाटतो. पेशी विभागताना ही जाळी सुटते आणि नव्या केंद्रकांभोवती पुन्हा बांधली जाते.