दहा-वीस वर्षांनीही उपयोगी पडेल, ज्याची कदर होईल असं काम कसं करावं?

तुम्ही दोन गोष्टी एका दमात विचारल्या आहेत. त्यातली कदर आपल्या हातात नसते, ती सोडून द्या. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं बघा ना. वाटाण्याच्या रोपांवरचा त्याचा निबंध 1866 मध्ये छापला गेला आणि जवळजवळ कुणीच दखल घेतली नाही. 1884 मध्ये तो वारला. वनस्पतींच्या संकरावर काम करणाऱ्यांना तो निबंध गवसला आणि त्याचं नाव झालं, ते थेट 1900 मध्ये.

मला भावते ती त्याची मांडणी. वाटाण्याच्या एका प्रयोगात गोल दाणे 5,474, सुरकुतलेले 1,850. ‘साधारण तिनास एक’ असं लिहून तो मोकळा झाला नाही. मोजलेलं सगळं पुढ्यात ठेवलं. पुढे 1936 मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली की हे आकडे जरा जास्तच छान जुळतात. त्यावर बराच वाद झाला. पण वाद घालायला तरी आकडे होते!

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे दुसऱ्यांच्या जुन्या फायली रोज चाळाव्या लागतात. निष्कर्ष सगळेच लिहितात, कारण क्वचितच कुणी. ‘दाब 6 बारच्या वर नेऊ नये’ एवढंच लिहिलेलं असलं की पुढचा माणूस एक तर ते डोळे झाकून पाळतो, नाहीतर खोडून टाकतो. ‘कारण त्यापुढे जोडावरचं रबरी सील गळतं’ हे सोबत असेल, तर सील बदलणाऱ्याला लगेच कळतं की ही मर्यादा आता पुन्हा तपासायला हवी. यंत्र जुनं झालं तरी ती ओळ कामाची राहते.

आणि हो, कुठे थांबायचं हेही ठरवा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी गणिती मजकूर छपाईसाठी जुळवणारी ‘टेक’ ही प्रणाली केली आणि एका टप्प्यावर तिच्यात नवीन काही घालणं बंद केलं. आता फक्त चुका दुरुस्त होतात आणि दर दुरुस्त आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’ (π, म्हणजे 3.14159…) या संख्येचा आणखी एक अंक वाढतो. ज्यांना जास्त हवं ते वर रचतात. लेख-पुस्तकं मांडायची ‘लाटेक’ ही प्रणाली तशीच ‘टेक’वर उभी राहिली. पाया हलत नसला की वर रचणाऱ्याला खात्री असते. हा संयम मला अजून नीटसा जमत नाही.

तुमचं क्षेत्र तुम्ही लिहिलेलं नाही. चित्रं किंवा कविता असतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही.