शाळेच्या फाटकापुढची कोंडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी होणाऱ्या कोंडीविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे पालकांची, शेजाऱ्यांची आणि शाळाचालकांचीही आहेत, आणि प्रत्येकाला दोष दुसऱ्याचा वाटतो. वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने पाहिले, तर या कोंडीचे मूळ गाड्यांच्या संख्येपेक्षा त्या फाटकापुढे किती वेळ उभ्या राहतात यात आहे. पुढची उत्तरे याच मुद्द्याभोवती आहेत.

प्रश्न : मुलीला सोडताना मी शाळेच्या फाटकासमोर दोन-तीन मिनिटेच थांबते. इंजिन चालू असते, चारही इंडिकेटर लावलेले असतात आणि मी गाडीतच बसलेली असते. तरीही मला ई-चलान आले. याला पार्किंग कसे म्हणता येईल? (पालक, पाचपाखाडी)

उत्तर : चालक गाडीत बसलेला आहे की नाही, यावर हा गुन्हा ठरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार शाळा आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ, बसथांब्याजवळ, पदपथावर, पादचारी पट्ट्यांवर किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर गाडी लावता येत नाही. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चारही इंडिकेटर एकत्र लावण्याची सोय गाडी बंद पडली किंवा संकटात सापडली, तर मागच्यांना सावध करण्यासाठी असते. ते लावल्याने मनाई असलेल्या जागी थांबण्याची परवानगी मिळत नाही.

दंडापेक्षा महत्त्वाचे आहे ते आपल्या ‘दोन-तीन मिनिटां’चे गणित. समजा, एका शाळेत पंधरा मिनिटांच्या अवधीत २०० मोटारी मुलांना सोडायला येतात. प्रत्येक मोटार तीन मिनिटे थांबली, तर कोणत्याही क्षणी सुमारे ४० मोटारी रस्त्यावर उभ्या असतात, आणि एका मोटारीला मागेपुढे मिळून सहा मीटर जागा धरली, तर त्यांना २४० मीटर रस्ता लागतो. तेवढी सलग मोकळी कडा नौपाडा-पाचपाखाडीच्या कोणत्या गल्लीत आहे? म्हणून दुसरी रांग लागते आणि रस्ता बंद होतो. त्याच २०० मोटारी प्रत्येकी ४० सेकंदच थांबल्या, तर एका वेळी जेमतेम नऊ मोटारी उभ्या राहतील आणि त्यांना ५४ मीटर पुरतील. गाड्या तेवढ्याच आणि रस्ताही तोच असताना कोंडी मात्र होणार नाही. दप्तर डिकीत न ठेवता मुलीच्या मांडीवर ठेवणे, बूट आणि ओळखपत्र घरीच घालून निघणे आणि डबा विसरल्याची आठवण फाटकापुढे न काढणे, या बारीकसारीक गोष्टींनीच तीन मिनिटांची ४० सेकंदे होतात.

आणखी एक विनंती आहे. मुलीला नेहमी डाव्या, म्हणजे पदपथाकडच्या दाराने उतरवावे. पलीकडच्या कडेला थांबून ‘जा पळत’ असे सांगणे सर्वांत घातक आहे, कारण उंच बांधणीच्या दोन मोटारींच्या फटीतून बाहेर येणारे सहा वर्षांचे मूल येणाऱ्या चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर दुपारी साडेबाराच्या सुमारास पालकांच्या गाड्या उभ्या असतात. माझ्या वडिलांना ठरलेल्या दिवशी डायलिसिसला न्यावे लागते आणि आम्हाला गाडी बाहेर काढता येत नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर दगड किंवा साखळी लावली तर चालेल का? (रहिवासी, वाशी)

उत्तर : आपला त्रास खरा आहे, पण दगड किंवा साखळी लावू नये. सार्वजनिक रस्त्यावर स्वतःहून अडथळा उभा करणे बेकायदेशीर आहे, आणि एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळला, तर जबाबदारी आपल्यावर येईल. चाकातील हवा सोडण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने गाडी तिथेच अडकून पडते आणि आपलीच वाट अधिक वेळ बंद राहते.

परिणामकारक मार्ग लेखी आहे. सलग एक आठवडा त्याच वेळेची, दिनांक आणि वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत आणि सोसायटीच्या ठरावासह वाहतूक पोलिसांच्या शाखेकडे आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे अर्ज द्यावा. ठरावीक वेळेत ‘नो पार्किंग’ लागू करण्याची, एका बाजूची पार्किंग बंद करण्याची किंवा रस्ता एकदिशा करण्याची अधिसूचना काढण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आहे. फलक आणि रंगवलेले पट्टे त्या अधिसूचनेच्या आधारे लागतात. अधिसूचना नसताना कोणी लावलेल्या फलकाला कायद्याचे बळ नसते. अर्जावर शाळेच्या मुख्याध्यापकांचीही सही मिळवता आली, तर तो रहिवासी विरुद्ध पालक असा वाद राहत नाही. डायलिसिसचे दिवस आणि वेळा शाळेला आधी कळवाव्यात. त्या दिवशी फाटकासमोर एक सुरक्षारक्षक उभा करणे शाळेला सहज शक्य असते. तातडीची वेळ आली, तर ११२ वर संपर्क साधावा.

प्रश्न : फाटकाबाहेरचा रस्ता महापालिकेचा आणि त्यावरची शिस्त पोलिसांची. पालकांनी गाडी कुठे लावावी हे शाळेने कसे सांगावे? (शाळेचे विश्वस्त, नेरूळ)

उत्तर : रस्त्यावर दंड करण्याचा अधिकार शाळेला नाही, हे बरोबर आहे. पण त्या रस्त्यावर एकाच मिनिटाला शेकडो माणसे आणण्याचा निर्णय शाळेच्या घंटेनेच होतो, आणि म्हणून उपायाची किल्लीही मुख्यतः शाळेकडे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडील बहुतेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळचे सत्र सुटते आणि दुपारचे भरते ती वेळ एकच असली, तर न्यायला आलेले आणि सोडायला आलेले पालक, स्कूलबस, व्हॅन आणि रिक्षा हे सारे एकमेकांसमोर उभे ठाकतात. दोन सत्रांत वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवले, तर पहिली गर्दी ओसरल्यावर दुसरी येते. त्यात ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन परिपत्रकाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. मुलांच्या झोपेचा विचार करता हा निर्णय मला योग्य वाटतो. परंतु जिथे तो अमलात आला, तिथे शाळेची गर्दी कार्यालयांच्या गर्दीत मिसळली, आणि ठाण्यात घोडबंदर मार्गाला लागून असलेल्या शाळांना याचा ताण अधिक जाणवतो. अशा ठिकाणी इयत्तांनुसार दहा-दहा मिनिटांच्या फरकाने फाटक उघडणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

सुटण्याच्या वेळी तर याची गरज दुप्पट असते. सकाळी पालक सोडून निघून जातो. दुपारी तो चांगली जागा मिळावी म्हणून वीस मिनिटे आधी येऊन थांबतो. वर सांगितलेले गणित येथे लावले, तर २०० पैकी जवळजवळ सर्वच मोटारी एकाच वेळी उभ्या असतात आणि त्यांना एक किलोमीटरहून अधिक कडा लागेल. लवकर येणाऱ्याला जवळची जागा मिळते, तोवर हे थांबणार नाही. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंचे पन्नास मीटर कोणालाच, शिक्षकांना आणि विश्वस्तांनाही, मिळू नयेत. ती जागा पायी येणारी मुले आणि स्कूलबस यांच्यासाठी राखावी, मोटारींना पलीकडच्या चौकाजवळचे थांबे ठरवून द्यावेत आणि मुलांना शिक्षकांसोबत गटाने तिथवर न्यावे. शाळेला मैदान असेल, तर त्या अर्ध्या तासापुरती बसगाड्यांना आत जागा द्यावी, मात्र मुलांची वाट त्यापासून वेगळी असावी.

राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यात पालकांबरोबर पोलीस, परिवहन विभाग आणि स्थानिक प्राधिकरण यांचे प्रतिनिधी असतात आणि बसथांबे ठरवणे हे तिचे कामच आहे. अनेक शाळांत ही समिती फक्त कागदावर राहते. आपल्या प्रश्नातील महापालिका आणि पोलीस दोघेही या समितीत बसलेले आहेत. बैठक बोलावणे आपल्या हाती आहे.

रस्ताच तेवढ्या वेळेपुरता मोटारींना बंद ठेवण्याचा प्रयोग इटलीतील बोल्झानो शहराने अनेक दशकांपूर्वी केला आणि पॅरिसने २०२० पासून तो मोठ्या प्रमाणावर राबवला. सिडकोने आखलेल्या सेक्टरांत आतील रस्त्यांना बहुधा पर्यायी वाट असते, त्यामुळे नेरूळ किंवा सीवूड्ससारख्या ठिकाणी तो करून पाहण्यासारखा आहे. जुन्या ठाण्यातील अरुंद आणि एकच वाट असलेल्या गल्ल्यांत मात्र मी त्याची शिफारस करणार नाही.

प्रश्न : मी दोन मुलांना, एक सात वर्षांचा आणि एक तीन वर्षांची, स्कूटरवरून सोडते. दोघांनाही हेल्मेट लागते का? (पालक, कळवा)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाशिवाय एकाच व्यक्तीला बसवता येते, त्यामुळे दोन्ही मुलांना एकदम नेणे नियमात बसत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमानुसार मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक ठेवता येत नाही. नोकरी सांभाळून दोन फेऱ्या करणे किती अवघड आहे, याची मला जाणीव आहे. मोठ्या मुलाला शेजारच्या एखाद्या कुटुंबासोबत पाठवून त्या बदल्यात त्यांच्या मुलाला परतीच्या वेळी आपण आणणे, अशी अदलाबदल कळव्यासारख्या दाट वस्तीत जमू शकते. मोठी मुले सोळाव्या वर्षी स्वतःच स्कूटर मागतात, म्हणून हेही सांगून ठेवतो की अल्पवयीनाने केलेल्या वाहतूक गुन्ह्याबद्दल कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न : नातवाची शाळा घरापासून पाऊण किलोमीटरवर आहे. मी त्याला चालत नेऊ इच्छितो, पण पदपथावरच गाड्या लावलेल्या असतात आणि हॉर्नच्या आवाजाने तो दचकतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, त्यापेक्षा गाडीच बरी.’ (आजोबा, कोपरखैरणे)

उत्तर : आपण चालतच न्यावे. पाऊण किलोमीटरला लहान मुलाच्या पावलाने बारा ते पंधरा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या वेळी गाडी काढून, जागा शोधून परत यायलाही त्याहून फारसा कमी वेळ लागत नाही. आपण गाडी काढलीत, तर त्या रांगेत आणखी एक भर पडेल.

पदपथाबाबत आपली बाजू भक्कम आहे. पादचाऱ्यांना पदपथ वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, आणि तसे घोषित केलेल्या ठिकाणी हॉर्न वाजवणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४फ खाली पहिल्या वेळी १,००० रुपये दंड होऊ शकतो. विभाग कार्यालयाला पत्र लिहिताना ‘पदपथ मोकळा करा’ एवढेच न लिहिता घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा साधा नकाशा काढून कुठे गाड्या चढतात, कुठे झाकण तुटले आहे आणि कुठे पादचारी पट्टे पुसले गेले आहेत, हे खुणांनी दाखवावे. पदपथाच्या कडेला गाडी चढू नये म्हणून खांब बसवण्याची मागणीही त्यातच करावी. दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढे अंतर असू द्यावे. आपल्या इमारतीतून त्याच शाळेत जाणारी आणखी मुले असतील, तर त्यांच्या पालकांशी बोलून एक वेळ आणि एक जागा ठरवावी आणि दोन मोठ्यांनी मिळून सर्वांना न्यावे, एकाने पुढे आणि एकाने मागे राहून. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, ती वाट एकदा नातवाला सोबत घेऊन चालून पाहावी आणि रस्ता कुठे ओलांडायचा ते त्यालाच ठरवायला सांगावे.