थर्मोस्टॅट ‘ओके’ आहे म्हणणाऱ्यांवर विसंबू नका

चेंबूरहून ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासाठी. तुमचा बॉल पायथन (छोट्या जातीचा पाळीव अजगर) प्लास्टिकच्या टबात आहे, खाली विजेवर तापणारी हीट मॅट आहे, तिची वीज ठरल्या तापमानाला तोडणारा थर्मोस्टॅट ३१ अंशांवर लावलाय, तरी रात्री आकडा ३७-३८ दिसतो. साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो, पोट गुलाबी झालंय. आणि विक्रेता म्हणतो थर्मोस्टॅटचा पीस ओके आहे, मुंबईचा उकाडा आहे. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण शब्दशः हेच मीही ऐकलंय.

उकाडा असता तर टबाची थंड बाजूही तितकीच चढली असती. तिथे हात लावून बघा. ती २७-२८ ला असेल आणि मॅटच्या बाजूलाच ३८ असेल, तर मॅट बंद होत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. मॅट किती मोठी, प्रोब (थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर) कुठे लावायचा वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आधी साप. कात टाकायच्या आधी बॉल पायथनचं पोट गुलाबी होतं, पण ते संपूर्ण पोटावर सारखं, आणि मागोमाग डोळे दुधाळ होतात. एकाच पट्ट्यात लाल-तपकिरी डाग, खवल्यांच्या कडा उचललेल्या, खाली पाणी धरलेलं असेल तर ते भाजणं आहे. पाण्यात बसणं गोचिडीसारख्या बारीक माइट्समुळेही होतं, तेही तपासा. मी डॉक्टर नाही. सरीसृप बघणारा पशुवैद्य गाठा, आणि तोवर हळद, खोबरेल, घरातलं कुठलंही मलम लावू नका. साप तापलेल्या जमिनीवरून आपणहून उठेल असं धरून चालू नका. पोटाखालून लागणाऱ्या उष्णतेवर ते भाजेपर्यंत पडून राहतात.

आता थर्मोस्टॅट. आमच्याकडे स्क्रीनवर ३९, आणि आउटपुटचा लाल दिवा विझलेला. म्हणजे यंत्र म्हणतंय मी वीज तोडली, आणि मॅट तापतेच आहे. स्वस्त मालात आतल्या रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटतात, तो प्रकार. पीस घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने पुढे काहीही न जोडता नुसता प्लग लावला, प्रोब मुठीत धरला. आकडा चढला, ‘टिक’ झालं, दिवा गेला. ‘बघा सर, कट होतोय.’ म्हटलं, लोड, म्हणजे वीज खाणारं काहीतरी, लावून बघा. तशी सोय नाही. बरं, मी मॅट आणलीये, ती लावा. बाहेरची वस्तू जोडली तर वॉरंटी जाते! मग ‘टेस्टेड ओके’चा गोल स्टिकर चिकटवून पीस परत. कॉन्टॅक्ट कधी चिकटतात, कधी धक्क्याने सुटतात, हे तिथे कुणाला ऐकायचंच नव्हतं. साप भाजला तो स्टिकर लागून आल्यानंतर. पुन्हा तक्रार केली तर ती ‘निराकरण झाले’ म्हणून परस्पर बंद. हेलपाट्यांत वॉरंटी संपली ती वेगळीच. पोटाचे खवले नीट यायला बऱ्याच काती गेल्या.

म्हणून माझा सल्ला (माझा, कुणा तज्ज्ञाचा नाही): कुणाकडे जाण्याआधी घरीच तपासा. थर्मोस्टॅटला मॅटऐवजी जुना ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी नको, तो गळतीच्या विजेवरही मिणमिणतो आणि घोळ होतो. ३१ वर सेट करून प्रोब मुठीत धरा. बल्ब विझला पाहिजे. प्रोब थंड पाण्यात बुडवा, पेटला पाहिजे. हे पुन्हा पुन्हा करा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. एकदाही बल्ब चालू राहिला तर पीस कचऱ्यात.

नवीन घ्याल तेव्हा दोन घ्या, वेगवेगळ्या बनावटीचे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये एक, त्यात दुसरा, दुसऱ्यात मॅट. मॅटवाला ३१-३२ वर, भिंतीतला ३४ वर, दोघांचे प्रोब मॅटवरच पण वेगळे चिकटवलेले. एक चिकटला तर दुसरा तोडतो. दुप्पट खर्च कशाला, असं विचारणारे भेटतील. त्यांना पशुवैद्याचं बिल दाखवा. शिवाय लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून इन्फ्रारेड गन (लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारा थर्मामीटर) आणा. कोविडच्या वेळची कपाळाला लावायची चालत नाही, ती साधारण तापाच्या आकड्यांपुरतीच असते. काचेतून मोजू नका, खालचा भुसा बाजूला सारून थेट तळावर मोजा.

आणि खरं सांगू का, मुंबईत मॅट बारा महिने लागते हेच मला पटत नाही. मार्च ते ऑक्टोबर बंद खोली स्वतःच २८-३२ ला असते. मॅट लागते ती डिसेंबर-जानेवारीत, नाहीतर एसी २३ वर ठेवून झोपणाऱ्या घरात. तुमची रात्रीची एसी चालू असते का, ते लिहिलेलं नाही.

टब सनमायकाच्या टेबलावर सपाट ठेवला असेल तर खाली बोटभर उंचीच्या लाकडी पट्ट्या द्या, नाहीतर उष्णता तिथेच कोंडते. पाण्याचं भांडं सांडतंच, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड टबाच्या पातळीखाली नको, आणि घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

विषयांतर: कागदपत्रं. बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती केली नसेल तर त्याचंही बघा.

अजून एक. मॅट अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली तर नाही ना? ११० व्होल्टची मॅट आपल्या २३० वर लावली की चौपटीहून जास्त वीज खेचते, मग थर्मोस्टॅट कितीही चांगला असो. मागच्या स्टिकरवर व्होल्ट किती लिहिलेत ते वाचून इथे टाका, आणि पोटाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅशमध्ये सगळंच गुलाबी दिसतं.